ट्रॅपीझ हँगर : १०० मिमी स्प्रिंकलर मेनला ४१ × ४१ चा एकेरी चॅनल पुरतो का?

मोजपट्टी

पत्र्याच्या शेडमधली ओली (पाइप कायम पाण्याने भरलेला) स्प्रिंकलर सिस्टीम आहे. मेन (मुख्य पाइप) १०० मिमी, शेड्यूल ४० (पाइपच्या भिंतीच्या जाडीचा वर्ग). मेन दोन स्टील बीमच्या मधून, त्यांना समांतर जाते. वर स्लॅब नाही, त्यामुळे सरळ रॉड सोडायला जागाच नाही आणि ट्रॅपीझ (दोन रॉडवर टांगलेला आडवा मेंबर, पाइपचा भार त्यावर) घेणं भाग आहे. रॉड ते रॉड अंतर १.२ मीटर. ड्रॉइंगवर असं दाखवलंय :

– आडवा मेंबर : ४१ × ४१ × २.५ मिमी स्ट्रट चॅनल (एका बाजूने उघडा, तोंडाच्या कडा म्हणजे 'ओठ' आत वळवलेले), छिद्रांचा, एकेरी
– दोन्ही टोकांना १० मिमी आट्यांचा रॉड, वर सी-क्लॅम्प (बीमच्या कडेला अडकणारी पकड)
– पाइप मधोमध, यू-बोल्टने धरलेला
– दर ४.६ मीटरला एक ट्रॅपीझ

शेरा फक्त 'टिपिकल'. गणित कुठेच नाही. पाइपचं वजन बघता चॅनल आरामात उचलेल असं वाटतं. पुढच्या टप्प्यात याच ट्रॅपीझवर १५० ची दुसरी मेन टाकायचा विचार आहे. एनएफपीए १३ च्या (स्प्रिंकलर बसवण्याच्या अमेरिकी संहितेच्या) हिशेबाने हे बसतं का?

ओळंबा

नाही बसत. १५० ची लाइन दूरच राहिली, आत्ताची १०० चीच बसत नाही.

ट्रॅपीझमध्ये दोन वेगळे हिशेब असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आडव्या मेंबरचा हिशेब : ४.६ मीटर पाण्याने भरलेल्या पाइपचं वजन अधिक ११४ किलो. हा भार मधोमध धरायचा आणि वाकण्याचा ताण १०३ मेगापास्कलच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यावरून लागणारा सेक्शन मॉड्युलस (मेंबरच्या छेदाची वाकण्याला तोंड देण्याची क्षमता) निघतो. संहितेतले तक्ते याच गृहीतकावर आहेत.

बाकीच्या सगळ्या भागांचा हिशेब (रॉड, क्लॅम्प, अँकर, पाइप धरणारी पट्टी) : पाण्याने भरलेल्या पाइपच्या वजनाच्या पाचपट अधिक ११४ किलो.

तुमच्या केसमध्ये शेड्यूल ४० चा १०० मिमी पाइप पाण्यासकट मीटरला साधारण २४.४ किलो. ४.६ मीटरचे ११२ किलो. त्यात ११४ मिळवा, २२६ किलो. १.२ मीटर स्पॅनवर मधोमध हा भार असेल तर वाकण्याचा मोमेंट सुमारे ६,६५,००० न्यूटन-मिमी. भागिले १०३, म्हणजे साधारण ६.५ घन सेंमी मॉड्युलस हवा.

४१ × ४१ × २.५ चा एकेरी चॅनल देतो ३.३ घन सेंमी, तोही छिद्रं नसलेला. छिद्रांच्या चॅनलचा आकडा त्याहून कमी असतो. कॅटलॉगमध्ये दोन्ही तक्ते असतात आणि लोक हटकून वरचाच वाचतात.

म्हणजे गरजेच्या निम्माच आहे. हाच चॅनल, छिद्रं नसलेला धरला तरी, या पाइपखाली ६१० मिमी स्पॅनपर्यंतच पुरतो. ५० मिमीची लाइन असती तर ९३० मिमीपर्यंत चालला असता.

नटबोल्ट

ओळंबा यांचं गणित बरोबर आहे. पुढचा प्रश्न कोण विचारणार ते ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहितो : 'मग ट्रॅपीझ जवळ-जवळ लावू, ४.६ ऐवजी २.३ मीटरला.' त्याने सुटत नाही. पाइपचं वजन निम्मं होऊन ५६ किलोवर येतं, पण ११४ तसेच राहतात. एकूण १७०. मॉड्युलस तरीही ४.९ घन सेंमी लागतो. हँगर दुप्पट, अँकर दुप्पट, मजुरी दुप्पट, आणि चॅनल तरी नापासच.

ते ११४ किलो पाइपचे नाहीत. कामगार लाइनला लोंबकळतो, शिडी टेकवतो, कोणी चेनपुली अडकवतो, त्याची ती तजवीज. म्हणून लहान पाइपच्या ट्रॅपीझमध्ये पाइपपेक्षा हाच आकडा मोठा भरतो. '२५ मिमीची लाइन आहे, पातळ पट्टी चालेल' हा युक्तिवाद इथेच पडतो.

शंकेखोर

मेंबरला पाचपट का नाही? रॉडला पाचपट आणि रॉड ज्याला धरतो त्याला एकपट, हे उलटं वाटतं.

ओळंबा

वाटतं उलटं, पण मेंबरची सुरक्षितता ताणाच्या मर्यादेत दडलेली आहे. साधं स्टील २५० मेगापास्कलच्या आसपास नमतं, इथे परवानगी १०३ ची. म्हणजे २.४ पट तिथे. शिवाय हिशेबात धरलेला भार २२६ किलो, रोजचा भार ११२ किलो, म्हणजे आणखी दुप्पट. गुणाकार केला तर पाचाच्या जवळ जातो. दोन्ही वाटा साधारण एकाच ठिकाणी पोचतात. त्यांची सरमिसळ मात्र करायची नाही. पाचपट भार घेऊन वर १०३ ची मर्यादा लावली तर लोखंडाचा डोंगर होईल, आणि एकपट भार घेऊन २५० चा ताण धरला तर गोष्ट कोर्टात जाईल.

मोजपट्टी

मग मेंबर कोणता घेऊ? आणि पाइप मधोमध न ठेवता एका बीमकडे सरकवला तर मॉड्युलस कमी लागतो असं वाचलं. तसं करता येईल का? सरकवायला जागा आहे.

नटबोल्ट

मेंबरचे पर्याय, १.२ मीटर आणि १०० मिमीसाठी (लागतात ६.५ घन सेंमी) :

४१ × ४१ पाठीला पाठ जोडलेला जोडचॅनल : सुमारे ९.४. चालतो. मात्र कारखान्यातून वेल्ड होऊन आलेलाच घ्या. साइटवर दोन एकेरी चॅनल दोन बोल्टांनी बांधले तर ते एकत्र वाकत नाहीत, स्वतंत्र घसरतात. मग दोघांची नुसती बेरीज मिळते, म्हणजे ६.६. तीही छिद्रं नसतील तर. अगदी काठावर.

५० मिमी शेड्यूल ४० पाइप आडवा : ९.२. चालतो.

४० मिमी शेड्यूल ४० पाइप : ५.३. नाही चालत. दुरून पाहता ४० आणि ५० मध्ये फरक कळत नाही, म्हणून साइटवर ही अदलाबदल हमखास होते.

अँगल घ्यायचा तर त्याच्या तक्त्यातला मॉड्युलस बघा. असमान बाजूंचा असेल तर लांब बाजू उभी राहिली पाहिजे. आडवी ठेवली की तोच अँगल निम्म्यावर येतो.

सरकवण्याबद्दल : हो, मॉड्युलस कमी लागतो. पाइपपासून एका रॉडचं अंतर अ, दुसऱ्याचं ब, तर ४ × अ × ब ÷ (अ + ब) हा समतुल्य स्पॅन धरायचा. अ ३०० आणि ब ९०० घेतलं तर समतुल्य स्पॅन ९०० मिमी आणि मॉड्युलस ४.८. तुमचा एकेरी चॅनल तरीही नापास.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मेंबर सुटला तरी जवळचा रॉड अडकतो. मधोमध असताना दोन्ही रॉडना निम्मा निम्मा भार. ३००–९०० ला जवळच्या रॉडकडे पाऊण भार जातो. पाचपट अधिक ११४ धरून तुमचा भार ६७५ किलो, त्याचे ५०६ एकाच रॉडवर, एकाच क्लॅम्पवर. १० मिमी रॉडला ते काहीच नाही. सी-क्लॅम्पचं काय, ते त्याच्या प्रमाणपत्रातला आकडा पाहून ठरवा. ट्रॅपीझमध्ये चॅनल तुटल्याचं क्वचित दिसतं. सुटतो तो वरचा जोड.

स्थापत्यकिडा

सी-क्लॅम्पचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर, कारण इन्स्पेक्शनमध्ये सगळ्यात जास्त शेरे इथेच पडतात.

सी-क्लॅम्प फ्लँजच्या (बीमच्या आडव्या पट्टीच्या) एका कडेला चावा घेतो. धरून ठेवतो तो एक सेट स्क्रू आणि त्यावरचा लॉकनट. सेट स्क्रू निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला आवळायचा, मग लॉकनट. काम घाईचं असलं की लॉकनट बोटाने फिरवून सोडून देतात. दिसायला पूर्ण दिसतं, पण बोट लावलं की फिरतं. वर जाऊन प्रत्येकाला पाना लावून बघणं एवढाच उपाय.

क्लॅम्पचा घसा फ्लँजवर पूर्ण आत गेला पाहिजे. अर्ध्यावर अडकवून स्क्रू आवळला तर तो फ्लँजच्या कडेच्या गोलाईवर बसतो आणि घसरतो. बीमवर जाड अग्निरोधक थर असेल तर तेवढ्या जागेपुरता खरवडून, क्लॅम्प बसवून, नंतर पुन्हा भरायचा. थरावरूनच आवळलं तर थर चुरगळतो आणि महिन्याभरात स्क्रू ढिला पडतो.

भूकंप-संरक्षण लागू असेल तर सी-क्लॅम्पला रिटेनिंग स्ट्रॅप हवाच. ही पट्टी क्लॅम्पपासून निघून फ्लँजच्या पलीकडच्या कडेला अडकते. स्ट्रॅप लावून त्याचं टोक हवेत ठेवलेलंही पाहायला मिळतं. न लावल्यातच जमा.

आणि बीमच्या जागी झेड किंवा सी पर्लिन (छताच्या पत्र्याखालचा पातळ, वाकवून बनवलेला मेंबर) असेल तर क्लॅम्प पर्लिनच्या ओठाला लावू नका. दीड-दोन मिमीचा ओठ उघडतो. वेबला (उभ्या भागाला) भोक पाडून बोल्ट घ्या किंवा पर्लिनसाठीच बनवलेली, वेबला धरणारी फिटिंग घ्या. वेबला भोक पाडायची परवानगी आणि एका पर्लिनवर किती टांगायचं याचा आकडा शेडच्या डिझायनरकडून लेखी हवा. छताच्या हिशेबात स्प्रिंकलरचं वजन धरलेलं असतंच असं नाही.

मोजपट्टी

आमच्याकडे हॉट-रोल्ड बीम आहेत, फ्लँज १०० मिमी रुंद. बीम मध्य ते मध्य १.२ मीटर आहे आणि मी तेच रॉडचं अंतर धरलंय.

ओळंबा

मग ते आधी दुरुस्त करा. एकमेकांसमोरच्या कडांना क्लॅम्प लावले तर रॉड बरेच आत येतात आणि स्पॅन १.१ मीटर किंवा त्याहून कमी भरतो. बाहेरच्या कडांना लावले तर १.३ च्या घरात जातो. मॉड्युलस स्पॅनच्या सरळ प्रमाणात बदलतो, म्हणजे कडेची निवड केल्यानेच १५–२० टक्के फरक. ड्रॉइंगवर 'क्लॅम्प आतल्या कडेला' असं स्पष्ट लिहा, नाहीतर फिटर जिथे शिडी लागते तिथे लावतो.

गॅल्व्हनाइज

आता खाली, रॉड आणि चॅनल मिळतात त्या जागेबद्दल. हा जोड कागदावर कोणी काढत नाही.

चॅनल उघड्या तोंडाने वर ठेवला की रॉड पाठीच्या छिद्रातून खाली येतो. खालून वरपर्यंत क्रम असा : लॉकनट, नट, जाड चौकोनी वॉशर, चॅनलची पाठ, मग चॅनलच्या आत वॉशर आणि वरचा नट. वरचा नट बरेच जण वगळतात, 'भार खालीच जातो ना' म्हणून. पंप सुरू होताना किंवा स्प्रिंकलर फुटताना लाइन वर उडी मारते, तेव्हा चॅनल रॉडवर वर सरकतो आणि परत आपटतो. वरचा नट असला की ते होत नाही.

चॅनल उघड्या तोंडाने खाली असेल तर खालचा वॉशर दोन ओठांवर टेकतो. तिथे साधा गोल वॉशर घातला तर तो बशीसारखा वाकून आत शिरतो आणि ओठ फाकतात. ४० × ४० × ५ ची चौकोनी प्लेटच हवी. मी तरी तोंड वरच ठेवायला सांगेन, पाइपची पट्टीही वरून ओठांत सहज अडकते.

लांबट छिद्रात रॉड एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून वॉशरने छिद्र पूर्ण झाकलं पाहिजे. अँगलला किंवा प्लेटला स्वतः भोक पाडत असाल तर रॉडपेक्षा १.६ मिमीहून मोठं नको. गॅस कटरने जाळून पाडलेलं भोक तर नकोच.

चॅनल-नट (चॅनलच्या आतून ओठांना धरणारा नट; स्प्रिंग-नट हा त्याचाच प्रकार) वापरत असाल तर त्याचे दात ओठांवर आडवे बसलेत का ते बघा. स्प्रिंग-नट तिरका राहिला तरी बोल्ट आवळला जातो आणि सगळं घट्ट लागतं. दात मात्र ओठाच्या एकाच बाजूला अडकलेले असतात. कडेने टॉर्च मारली की लगेच दिसतं : नटाच्या लांब बाजूने दोन्ही ओठ पकडलेले हवेत.

कापलेल्या टोकांना झिंक पेंट लावा. आणि रॉड कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवा, कापल्यावर तो बाहेर काढला की टोकाचे आटे आपोआप साफ होतात.

फिटर_नं_१

+१. रॉड लांब ठेवून चॅनलखाली हातभर लोंबू देऊ नका, हेही लिहा. वर शिडी लावणाऱ्याच्या डोक्यात जातो.

आणि वाकवलेला रॉड नको. बीम थोडा बाजूला पडला की पाइप घालून रॉड तिरका ओढतात. रॉड ओळंब्यात नसेल तर चॅनल लांब घ्या किंवा क्लॅम्पची जागा बदला. कपलिंगने रॉड जोडला असेल तर दोन्ही बाजूंनी आटे मध्यापर्यंत आलेत का ते कपलिंगच्या भोकातून दिसलं पाहिजे. भोक नसलेलं कपलिंग घेऊच नये.

मोजपट्टी

१०० साठी जोडचॅनल पक्का करतोय. १५० ची मेन आल्यावर काय? दोन्ही पाइप १.२ मध्ये समान अंतरावर, म्हणजे रॉडपासून ४००-४०० वर.

नटबोल्ट

१५० शेड्यूल ४० पाण्यासकट मीटरला ४७.२ किलो. ४.६ मीटरचे २१७, अधिक ११४, ३३१ किलो.

सोपी आणि सावध पद्धत : प्रत्येक पाइपला स्वतंत्र लागणारा मॉड्युलस काढून बेरीज. ४०० – ८०० चा समतुल्य स्पॅन १,०६७ मिमी येतो. १०० ला ५.७, १५० ला ८.४, बेरीज १४.१ घन सेंमी. नेमकं करायचं तर दोन बिंदूभारांचा बीम सोडवा. मोठा मोमेंट १५० च्या खाली येतो आणि मॉड्युलस ११.३ निघतो. बेरजेत फरक पडतो कारण दोघांचे कमाल मोमेंट एकाच जागी नसतात. कुठलाही आकडा घ्या, जोडचॅनलचे ९.४ पुरत नाहीत.

६५ मिमी शेड्यूल ४० पाइप १७.४ देतो. ७५ मिमी खोलीचा हॉट-रोल्ड चॅनल उभा ठेवला तर १८ ते २० मिळतात. यांपैकी काहीही चालेल.

रॉडकडे बघा. संहितेत १०० मिमीपर्यंतच्या पाइपला १० मिमी रॉड, १२५ ते २०० ला १२ मिमी, २५० आणि ३०० ला १६ मिमी. तेव्हा १५० आली की रॉड १२ चा. पाचपटीचा भार १०० चा ६७५, १५० चा सुमारे १,२००. १५० कडच्या रॉडवर साधारण १,०२५ किलो, दुसऱ्यावर ८५०. १२ च्या रॉडला जमतं. सी-क्लॅम्पला बहुधा नाही जमणार, तिथे दोन्ही कडा धरणारा बीम-क्लॅम्प घ्या.

स्थापत्यकिडा

माझं मत : १५० नक्की येणार असेल तर आत्ताच मोठा मेंबर आणि १२ चे रॉड लावा. नक्की नसेल तर १५० ला वेगळा ट्रॅपीझ. चालू लाइन अधांतरी धरून खालचा चॅनल बदलणं हे वाईट काम आहे, त्यात ग्रूव्ह कपलिंग (पाइपच्या खाचेत बसणारे जोड) गळायला लागतात. आणि दोन्ही मेनचा भार एकाच बीमच्या एका कडेला आला तर बीमला पीळ पडतो, तो हिशेब स्ट्रक्चरवाल्याने करायचा.

डक्टवाला

आमच्या कामात ट्रॅपीझ लागतो तो रुंद डक्टखालून जाणाऱ्या लाइनला. डक्टच्या दोन्ही बाजूंनी रॉड, खाली चॅनल, स्पॅन दीड-पावणेदोन मीटर. तिथे डक्टचाच ट्रॅपीझ वापरला तर? रॉड तयारच असतात. वर केबल ट्रेही त्यावरच असतो.

ओळंबा

डक्टच्या सपोर्टला दोन्ही भार झेपतात हे गणिताने दाखवलं तरच. डक्टचा ट्रॅपीझ डक्टच्या वजनाला बेतलेला असतो, त्यात पाचपट आणि ११४ कुठेच नसतात. सामाईक सपोर्टला संहिता सांगते : स्प्रिंकलर पाइपचे पाचपट अधिक ११४ किलो, आणि त्यावर टांगलेल्या इतर लाइनींच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट. हे सगळं एकत्र.

उलट दिशेने मात्र मोकळीक नाही. स्प्रिंकलरच्या ट्रॅपीझवर दुसऱ्यांनी काही टांगायचं नाही. एकदा चॅनलचं मोकळं टोक दिसलं की त्यावर केबल, ड्रेन, एसीची कॉपर लाइन, सगळं चढतं. म्हणून टोक रॉडच्या बाहेर ५० मिमीपेक्षा जास्त ठेवू नये. हा नियम नाही, सवय आहे, पण फार उपयोगी पडते.

पावणेदोन मीटर स्पॅनला १०० मिमीसाठी मॉड्युलस ९.५ च्या जवळ जातो. जोडचॅनल तिथे संपतो.

गॅल्व्हनाइज

स्लॅबला टांगणाऱ्यांसाठी, कारण हा धागा तेही वाचतील. एम१० ड्रॉप-इन अँकरला (काँक्रीटच्या छिद्रात ठोकून फुगवायच्या) छिद्र १२ मिमी, खोली साधारण ४० मिमी. छिद्रातली धूळ ब्रशने काढायची, मग फुंकायची, या क्रमाने. मग अँकर आत ठोकून सेटिंग टूलने आतला प्लग शेवटपर्यंत बसवायचा. टूलचा खांदा अँकरच्या कडेला टेकला की झालं. टूल हरवलं म्हणून जुन्या बोल्टने प्लग ठोकतात. तो अर्ध्यावर थांबतो, अँकर फुगत नाही, रॉड चढतो, सगळं ठीक दिसतं. पाणी भरल्यावर बाहेर येतो.

१५० ची लाइन पाण्याने भरली की २८ चे ४७ किलो होतात मीटरला. रिकाम्या लाइनला टिकलेलं हँगर भरलेल्या लाइनला टिकेलच असं नाही. म्हणून १३.८ बारची दोन तासांची चाचणी चालू असताना एकाने हँगर बघत फिरायचं, नुसत्या गळत्या नाही. पाणी भरण्याआधी रॉडवर नटाखाली मार्करने रेघ मारून ठेवा. नट रेघेवरून सरकला की कळतं.

शंकेखोर

कोरडी सिस्टीम (पाइपात एरवी पाण्याऐवजी दाबाची हवा) असेल तर उतार द्यावा लागतो. ट्रॅपीझ सगळे एका पातळीत लावून शिम (उंची भरायची पातळ पट्टी) घालायची का?

नटबोल्ट

शिम नाही. रॉडवरचे नट फिरवून पातळी घ्यायची, ट्रॅपीझचा हाच तर फायदा. कोरड्या सिस्टीमच्या ब्रँच लाइनला (ज्यावर स्प्रिंकलर बसतात त्या फांदीला) मीटरला ४ मिमी उतार, मेनला मीटरला २ मिमी. ४.६ मीटरच्या अंतरात ब्रँचवर १८ मिमी, मेनवर ९ मिमी. दोन्ही टोकांच्या ट्रॅपीझची पातळी लेझरने आधी ठरवा, दोरी ताणा, मधले दोरीला लावा. रॉड शेवटाकडे थोडे लांब कापलेले हवेत, नाहीतर शेवटच्या दोन ट्रॅपीझला रॉड कमी पडतो आणि कपलिंगचा जुगाड सुरू होतो.

चॅनल स्वतः दोन रॉडमध्ये सपाट हवा. एका बाजूने खाली असेल तर पाइप यू-बोल्टसकट उताराकडे रेलतो.

प्लास्टिकपाइप

सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) असेल तर वरचं बरंच बदलतं. हँगर जवळ लागतात : २५ मिमीला १.८ मीटर, ५० ला २.४, ८० ला ३.०. यू-बोल्ट आवळून बसवायचा नाही, पाइप लांबीच्या दिशेने सरकला पाहिजे. चॅनलची कापलेली कड पाइपला लागता कामा नये. आणि रॉड किंवा चॅनल कापताना वापरलेलं तेल पुसून घ्या. काही तेलं सीपीव्हीसीला चिरा पाडतात, त्याही लगेच दिसत नाहीत.

स्थापत्यकिडा

अजून एक गैरसमज : 'ट्रॅपीझ दोन रॉडचा आहे, त्यामुळे भूकंपाला बाजूचा ब्रेस (हलू न देणारा आधार) नको.' ट्रॅपीझ उभा भार धरतो, बाजूला झोपाळ्यासारखा हलतो. ब्रेस लागू असेल तिथे आडव्या दिशेला जास्तीत जास्त १२ मीटरवर आणि लांबीच्या दिशेला २४ मीटरवर तो लागतोच, आणि तो पाइपला जोडायचा, ट्रॅपीझच्या चॅनलला नाही.

फिटर_नं_१

स्प्रिंकलरजवळचं राहिलं. उभ्या स्प्रिंकलरच्या मध्यापासून हँगर ७५ मिमीपेक्षा जवळ नको, फवारा अडतो. ट्रॅपीझचा रॉड, चॅनल आणि यू-बोल्ट हे सगळं त्यात धरा. आणि ब्रँचच्या टोकाला शेवटच्या हँगरपुढे पाइप मोकळा किती : २५ मिमीला ९०० मिमी, ३२ ला १.२ मीटर, ४० आणि पुढे १.५ मीटर. दाब ६.९ बारच्या वर असेल आणि छताखाली लोंबती स्प्रिंकलर असतील तर ३०० मिमी, आणि ते शेवटचं हँगर पाइपला वर उठू न देणारं हवं. ट्रॅपीझ असेल तर तिथे तो वरचा नट सक्तीचाच समजा.

मोजपट्टी

सुधारलेला तपशील : ६५ मिमी शेड्यूल ४० पाइप आडवा मेंबर म्हणून, रॉड १२ मिमी, वर दोन्ही कडांचा बीम-क्लॅम्प, क्लॅम्प बीमच्या मध्यावर, रॉड ते रॉड १.२ मीटर. मेन त्या पाइपखाली रिंगने टांगलेल्या. १५० ची जागा रिकामी ठेवलीय. काही राहिलं का?

नटबोल्ट

दोन गोष्टी. टोकाच्या आणि मधल्या रिंगा आडव्या ६५ च्या मापाच्याच घ्या. १०० च्या रिंगेत ६५ चा पाइप घालून गॅप भरायला पट्टी कोंबू नका. आणि गोल पाइपवर रिंग घसरते. १०० ची मेन आधी येणार, म्हणजे १५० येईपर्यंत भार एकाच बाजूला असेल आणि रिंग मध्याकडे सरकेल. मेनच्या रिंगेच्या दोन्ही बाजूंना पाइपवर एकेक क्लॅम्प आवळून ती जागेवर अडवा.

ओळंबा

आणि ६५ च्या पाइपला रॉडसाठी आरपार भोक पाडू नका. १७.४ चा आकडा अख्ख्या पाइपचा आहे.

मोजपट्टी

दोन्ही घेतले. सुधारित ड्रॉइंगवर 'टिपिकल' खोडून स्पॅन, मॉड्युलस आणि क्लॅम्पचा रेटेड भार लिहिला आहे.